तुराट्यांच्या पेंढ्या: पहिली-दुसरीच्या वर्गात दशक-एकक

डिसेंबर-जानेवारीत तुरीची रास झाली की बांधावर तुराट्यांचे ढीग पडतात. काहींचा कूड होतो, काहींचा खराटा, उरलेल्या चुलीत जातात. त्यातला एक भारा शाळेत आणून ठेवला की पुढच्या जूनपासून पहिली-दुसरीच्या जोडवर्गाला वर्षभर पुरेल एवढं गणिताचं साहित्य हाताशी येतं. आमच्या वर्गात दशक-एकक याच तुराट्यांवर शिकवलं जातं. इथे ती पद्धत साहित्य कापण्यापासून वहीतल्या हातच्यापर्यंत, चुकांसकट, लिहिली आहे.

आधी काडीची निवड. खोडाची जाड तुराटी घ्यायची नाही. वरच्या फांद्या घ्यायच्या, पेन्सिलीपेक्षा थोड्या बारीक आणि शक्य तितक्या सरळ. झाडं छाटायच्या कात्रीनं १२ सेंटीमीटरचे तुकडे करायचे. यापेक्षा लांब काड्या असल्या की सहा वर्षांच्या मुलाच्या मुठीत दहा काड्या एका टोकाला जुळत नाहीत, आणि आखूड असल्या की बांधताना रबरातून निसटतात. दोन्ही टोकं फरशीच्या खरबरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासून घ्यायची, फांदीचा फुटवा निघालेली जागा सपाट करायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून चालत नाही. एकदा बोटात कूस गेली की ते मूल आठवडाभर काड्यांना हात लावत नाही आणि शेजारच्यालाही लावू देत नाही. कापलेल्या काड्या दोन दिवस उन्हात वाळवून डब्यात भरायच्या, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकायचा, नाहीतर पावसाळ्यात त्यांना भुंगा लागून भुसा पडतो.

पऱ्हाटीच्या काड्याही गावात भरपूर मिळतात, पण त्या वापरू नयेत. त्यांना गाठी असतात, बोंडाचे देठ टोचतात आणि दहा काड्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. चिंचोके सुटं मोजायला फार चांगले, मात्र त्यांचा दहाचा गठ्ठा बांधता येत नाही. पिशवीत घातले की दहा चिंचोके दिसेनासे होतात आणि मुलाला दिसते ती एक पिशवी. तुराट्यांच्या गठ्ठ्यात दहाच्या दहा काड्या समोर दिसत राहतात आणि हवं तेव्हा गठ्ठा सोडता येतो. म्हणूनच या कामाला काडीच हवी.

बियांबद्दल एक सावधगिरी. हरभरा किंवा वाटाणा लहान मुलांच्या हातात मोजायला देऊ नये. तो नाकात गेला तर आतल्या ओलाव्यानं फुगतो आणि काढणं अवघड होतं. गुंजा दिसायला सुंदर आणि एरंडीच्या बिया परसात सहज मिळणाऱ्या, पण दोन्ही विषारी आहेत. त्या वर्गात आणायच्याच नाहीत.

बांधायला बाजारातली रबरबँड घेतली तर ती मार्चपर्यंत टिकत नाहीत. आपल्याकडच्या उन्हात ती आधी चिकट होतात, मग तुटतात. सायकलची जुनी ट्यूब सगळ्यात चांगली. ती आडवी कापून ५ मिलिमीटर रुंदीच्या रिंगा करायच्या. अर्ध्या मीटर ट्यूबमध्ये नव्वद-शंभर रिंगा निघतात. पंक्चर काढलेला भाग सोडून द्यायचा, तिथली रिंग उकलते. रिंगा साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्यायच्या, नाहीतर हात काळे होतात. काड्यांवर रिंगेचा एकच वेढा ढिला बसतो, म्हणून दोन वेढे द्यावे लागतात. पहिलीतल्या निम्म्या मुलांना सुरुवातीला दुसरा वेढा जमत नाही. रिंग आठाच्या आकड्यासारखी पिळून परत काड्यांवर चढवायची असते आणि त्यासाठी दोन्ही हातांनी दोन वेगळी कामं करावी लागतात. अशा वेळी जोडीदारानं मुठीत गठ्ठा धरायचा आणि दुसऱ्यानं रिंग चढवायची. बाईंनी किंवा सरांनी बांधून द्यायचं नाही. या सगळ्या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची अट ही आहे आणि ती पुन्हा येईल.

मुलांना जोडीनं बसवायचं. चौघांचा गट केला की दोघं काम करतात आणि दोघं बघतात, हे कुठल्याही वर्गात दहा मिनिटांत दिसतं. चोवीस मुलांच्या बारा जोड्या होतात. एका जोडीला ६० काड्या आणि ६ रिंगा लागतात. म्हणजे ७२० काड्या झाल्या. मोडतोड धरून ७५० कराव्यात आणि रिंगा ९०. प्रत्येक जोडीचा डबा वेगळा, झाकणावर आकडा घातलेला. तास संपला की डब्यात पाच गठ्ठे आणि दहा सुट्या काड्या परत आल्या पाहिजेत. हे परत मोजणंही शिकण्याचाच भाग आहे. त्यासाठी तासातली शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची.

जूनच्या मध्याला शाळा भरली की पहिले तीन-चार आठवडे गठ्ठा नाहीच, फक्त सुट्या काड्या. एक मूठ काड्या समोर टाकायच्या आणि आधी विचारायचं, किती असतील? अंदाज पाटीवर लिहायचा, मग मोजायचं. मोजताना नेहमीची चूक म्हणजे तोंड पुढे धावतं आणि हात मागे राहतो. ‘सात, आठ’ म्हणून होतं पण काडी एकच सरकलेली असते, किंवा मोजून झालेली काडी पुन्हा मोजली जाते. त्यावर उपाय म्हणून फरशीवर खडूनं दोन गोल काढायचे. डावीकडच्या गोलात न मोजलेल्या काड्या, उजवीकडे मोजलेल्या. काडी उचलून दुसऱ्या गोलात ठेवली की मगच पुढचा आकडा. हा नियम आठवडाभर पाळला की तोंड आणि हात जुळतात. जोवर ते जुळत नाहीत तोवर गठ्ठ्याकडे जाऊ नये, मग पाठ्यक्रम कितीही पुढे गेलेला असो. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान सुरू झालं, त्यात पहिलीच्या मुलानं ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात आणि लिहाव्यात असं उद्दिष्ट आहे. ते योग्यच आहे, पण त्याच्या घाईत वीसपर्यंतचं मोजणं कच्चं ठेवलं तर पुढचं सगळं पाठांतरावर चालतं.

जुलैच्या मध्यापासून गठ्ठे सुरू. गठ्ठ्याला आमची मुलं पेंढी म्हणतात. कडबा त्यांनी घरी पाहिलेला असतो. पेंढ्या बांधतात, शेकड्यावर विकतात, हे त्यांना माहीत असतं. त्यांना पेंढीच म्हणू द्यावं. ‘दशक’ हा शब्द नंतर येतो आणि आला की पेंढीच्या अंगावर चपखल बसतो. प्रत्येकानं दहा काड्या मोजायच्या, पेंढी बांधायची आणि जोडीदाराच्या हातात द्यायची. जोडीदार ती सोडून परत मोजतो. नऊ किंवा अकरा निघणं हे पहिल्या आठवड्यात रोजचंच. तेव्हा शिक्षकानं चूक सांगायची नाही. ‘मॅडम, ह्याच्यात अकरा हायेत’ हे जोडीदाराच्या तोंडून आलं की बांधणारा स्वतःच काड्या ओढून घेतो आणि पुन्हा मोजतो. चार-पाच दिवसांत मुलं नुसती मूठ आवळून ‘ही जाड लागती’ म्हणून अकराची पेंढी ओळखायला लागतात. दहा किती असतात हे हाताला कळल्याची ही खूण.

तयार गठ्ठे का देऊ नयेत, ते इथेच कळतं. काही वर्गांत शिक्षक रात्री जागून सुंदर गठ्ठे बांधतात, वर रंगीत कागद गुंडाळतात आणि ‘हा दशक’ म्हणून दाखवतात. मुलाला ती एक नवी वस्तू वाटते. तिच्या आत दहा एकक आहेत ही गोष्ट त्यानं ऐकलेली असते, केलेली नसते. पुढे वजाबाकीत दशक मोडायची वेळ आली की ते मूल थांबतं, कारण ज्याला ही वस्तू कधी बांधताना दिसलीच नाही त्याला ती सुटू शकते हे कसं सुचावं?

आता वाचन. तीन पेंढ्या डावीकडे, चार काड्या उजवीकडे. मुलांनी मोठ्यानं म्हणायचं, ‘तीन पेंढ्या, चार सुट्या. तीस आणि चार. चौतीस.’ तिन्ही वाक्यं, याच क्रमानं, दर वेळी. मराठी संख्यानामांची अडचण सगळ्यांना माहीत आहे. चौतीसमध्ये चार आधी ऐकू येतो, पंचवीसमध्ये पाच आधी, म्हणून मूल ४३ आणि ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तर कानावर ‘तीस’ पडतो, म्हणून ते ३९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. आमच्या मते दोन्ही नावं लागतात. बाजारात, घरात चौतीसच चालतं, ते सुटता कामा नये. पण ‘तीस चार’ हा मधला पूल नसला तर आवाज आणि पेंढ्या यांची गाठच पडत नाही.

मात्र या पुलावरून जाताना दुसरी चूक येते. ‘तीस चार’ ऐकून मूल आधी ३० लिहितं आणि पुढे ४ लिहितं, म्हणजे ३०४. ते चुकीचं ऐकत नाही, ऐकलं तसंच लिहितं. यावर एकावर एक ठेवायची कार्डं लागतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची ती मस्त होतात. दशकाचं कार्ड १० सेंटीमीटर रुंद आणि ६ उंच, त्यावर १० पासून ९० पर्यंत. एककाचं कार्ड ५ सेंटीमीटर रुंद, उंची तीच, त्यावर १ ते ९. दशकाच्या कार्डावरचं शून्य बरोबर उजव्या अर्ध्यात आलं पाहिजे, म्हणजे चाराचं कार्ड त्यावर ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ३४ दिसतं. मुलं चाराचं कार्ड पुन्हा पुन्हा उचलून खालचं शून्य बघतात. बघू द्यावं, तेच शिकणं आहे. दशकाला निळा आणि एककाला लाल असे रंग सुरुवातीला मदत करतात, पण महिनाभरानं सगळी कार्डं एकाच रंगात करावीत. नाहीतर मूल जागा न पाहता रंग पाहून वाचतं.

एकोणतीससाठी वेगळा खेळ. तीन पेंढ्या मांडायच्या, तिसरी सोडायची आणि तिच्यातली एक काडी पाठीमागे लपवायची. ‘तीसला एक उणा.’ राहिलं काय? दोन पेंढ्या, नऊ सुट्या. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशा सगळ्या ‘एकोण’ संख्या याच रीतीनं दोन-तीन दिवस कराव्यात. नव्याण्णवला हे नाव का नाही, असं एखादं मूल विचारतं. त्याला खरं सांगावं की भाषेत तो शब्द असाच आला आहे.

तेलंगणा-कर्नाटकाच्या सीमेवरच्या शाळांमध्ये एक मोठी सोय आहे आणि तिकडे फारसं लक्ष जात नाही. देगलूर, धर्माबादकडे ज्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांच्या भाषेत चौतीसला ‘मुप्पै नालुगु’ म्हणतात, म्हणजे आधी तीस, मग चार. उदगीर, उमरग्याकडच्या कानडी घरांतही दशक आधी येतो. या मुलांना पेंढ्या मांडून आधी घरच्या भाषेत वाचायला लावावं. वर्गात गणितात मागे मानलेलं मूल इथे सगळ्यांच्या पुढे जातं आणि बाकीच्यांना ‘तीस चार’ कशाला म्हणायचं ते त्याच्यामुळे कळतं.

बेरजेला एकच नियम पुरतो: दहा काड्या सुट्या झाल्या की त्या सुट्या राहू द्यायच्या नाहीत. २७ आणि १५ घेऊ. दोन पेंढ्या सात सुट्या, एक पेंढी पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या, बारा झाल्या, दहा बांधल्या, चार पेंढ्या दोन सुट्या. वहीत उभी मांडणी आधी शिकवली तर मूल सात आणि पाच बारा करून खाली १२ लिहितं, मग दोन आणि एक तीन, आणि उत्तर ३१२. काड्यांवर ही चूक होतच नाही, कारण बारा सुट्या काड्यांचा पसारा डोळ्यांना खुपतो. वहीतला हातचा या बांधलेल्या नव्या पेंढीचं नाव आहे, एवढं त्या वेळी सांगायचं आणि हातच्याचा १ पेंढ्यांच्या घरावर लिहायचा.

वजाबाकीकडे दिवाळीनंतर, तीही सावकाश. ३२ मधून ७ काढायचे. एका मुलीपुढे तीन पेंढ्या आणि दोन काड्या आहेत. ती दोन काड्या उचलते, पलीकडे ठेवते आणि थांबते. ‘सात कुठून देऊ, दोनच हायेत की.’ इथे शिक्षकाचं काम गप्प बसणं. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. तिची नजर पेंढ्यांवरून फिरते. एक पेंढी ती उचलते, परत ठेवते. मग दोन्ही हातांनी रिंगेचा एक वेढा काढते, दुसरा काढताना पेंढी सुटते आणि काड्या फरशीवर पसरतात. दोन आधीच पलीकडे आहेत, त्यांत पाच मोजून घालते. इकडे पाच सुट्या उरतात आणि दोन पेंढ्या. ‘पंचवीस.’ हातात रिकामी रिंग राहते.

त्या रिंगेसाठी आमचा एक नियम आहे. पेंढी सोडली की तिची रिंग मनगटात घालायची, काम होईपर्यंत काढायची नाही. मग पाटीवर ३२ लिहून विचारायचं, मनगटात काय आहे? एका पेंढीची रिंग. म्हणजे पेंढ्या आता किती? दोन. तीनावर काट मारून २ लिहायचा. सुट्या किती झाल्या? बारा. दोनावर १२. पाटीवरची प्रत्येक काट मनगटातल्या रिंगेशी जुळते, त्यामुळे मूल काट मारायची विसरत नाही. ज्या मुलांना आधी वहीत वजाबाकी शिकवलेली असते ती दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करतात आणि ३५ लिहितात. ‘मोठ्यातून लहान वजा’ हे वाक्य त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. अशा मुलाला तेच उदाहरण काड्यांनी करायला लावून एवढंच विचारावं, बत्तीस काड्यांतून सात दिल्या तर पस्तीस कशा उरतील? बहुतेक मुलं लगेच पाटी पुसायला जातात.

दुसरीत दोन जोड्या एकत्र बसवल्या की १२० काड्या होतात. दहा पेंढ्या सुतळीनं एकत्र बांधल्या की भारा. भारा म्हणजे शंभर. तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो आणि शंभराचं वजन कळतं. नोटा आणि नाणी मात्र याच्या नंतर. दहाची नोट सोडता येत नाही, बदलून घ्यावी लागते आणि ती एकच वस्तू असते. पेंढी ज्याच्या हातात पक्की बसली आहे त्याला ही अदलाबदल सोपी जाते. आठवडी बाजाराचा खेळ त्या वेळी लावावा.

काड्या काढून कधी घ्यायच्या, हा प्रश्न बहुतेक शिक्षकांना पडतो. मध्ये चित्राचा टप्पा ठेवायचा: उभी रेघ म्हणजे पेंढी, ठिपका म्हणजे सुटी काडी. वजाबाकीत रेघ खोडून दहा ठिपके काढायचे. मग एक दिवस मांडलेल्या काड्यांवर रुमाल टाकून विचारायचं. झाकलेल्या काड्यांवर सलग चार-पाच उदाहरणं बरोबर आली की त्या मुलाला काड्यांची गरज संपली. ज्याला रुमाल उचलून बघावंसं वाटतं त्यानं उचलावा, त्यात कमीपणा नाही. एकाच दिवशी सगळ्या वर्गाचे डबे बंद करणं ही सर्वांत मोठी चूक, कारण मुलं या टप्प्यावर वेगवेगळ्या महिन्यांत येतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांचा विचार वेळापत्रकातच करावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहिलेली मुलं शाळेत येत राहतात, बाकीची जातात. म्हणून पेंढी बांधणं, वाचणं आणि कार्डं दसऱ्याच्या आत पक्कं झालं पाहिजे. जाणाऱ्या प्रत्येक मुलासोबत कापडी पिशवीत ३० काड्या, ३ रिंगा आणि कार्डांचा एक संच द्यावा. परत आल्यावर त्याला वर्गाच्या पुढच्या धड्यावर बसवायचं नाही. आधी दोन दिवस पेंढ्या बांधायला द्यायच्या आणि रुमालाची परीक्षा घ्यायची. किती पुसलं गेलं आणि किती टिकलं ते तिथे स्पष्ट दिसतं.

       

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सगळे डबे मधे ठेवून मुलांकडूनच मोजणी करून घ्यायची. ७५० मधून किती राहिल्या, किती पेंढ्या होतात, किती भारे होतात, हे दुसरीची मुलं अर्ध्या तासात काढतात. तडकलेल्या, टोकं फुटलेल्या काड्या वेगळ्या काढून पोषण आहाराच्या चुलीला द्यायच्या. चांगल्या काड्यांवर नवा कडुनिंबाचा पाला घालून झाकण लावायचं. रिंगा मात्र डब्यात ठेवायच्या नाहीत. त्या एका बाटलीत थोडी शंखजिऱ्याची पावडर टाकून बंद करायच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत एकमेकींना चिकटत नाहीत.